भीमा खोऱ्यातील गोड्या पाण्याचे शिंपले : 'लॅमेलिडेन्स' वंश आणि त्याचे वर्गीकरण

प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्याच्या जीवनात भीमा नदीला असलेले स्थान सर्वपरिचित आहे. पंढरपूरला ती चंद्रभागा म्हणून ओळखली जाते, तर माढा तालुक्यात उजनी येथे १९८० मध्ये पूर्ण झालेल्या धरणामुळे तिच्यावर 'यशवंतसागर' हा विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला आहे. पाणी ओसरले की नदीच्या वाळवंटात आणि जलाशयाच्या चिखलट काठावर काळपट-तपकिरी रंगाचे लांबट शिंपले पडलेले दिसतात. तान्ह्या मुलाला शिंपीने दूध किंवा औषध पाजण्याची आणि भोक पाडलेल्या शिंपलीने कैरी सोलण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. अशा परिचित वस्तूला शास्त्रीय नाव देण्याचे काम मात्र वाटते तितके सोपे नाही.

या शिंपल्यांपैकी बहुतांश 'लॅमेलिडेन्स' या वंशातील असतात. महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत जड धातू, कीटकनाशके, शरीरक्रिया, प्रजनन अशा विषयांवर जे संशोधन झाले, त्यात 'लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस' आणि 'लॅमेलिडेन्स कोरिअ‍ॅनस' ही दोन नावे वारंवार येतात. प्रयोगातील निष्कर्ष कितीही काटेकोर असले, तरी ज्या प्राण्यावर प्रयोग झाला त्याचे नाव चुकले असेल, तर ते निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणच्या निष्कर्षांशी ताडून पाहता येत नाहीत. म्हणून वर्गीकरण हा केवळ संग्रहालयाचा विषय राहत नाही. तो प्रत्येक प्रयोगाचा पाया ठरतो. प्रस्तुत लेखात या वंशाची लक्षणे, त्याच्या नावाचा इतिहास आणि वर्गीकरणात झालेले बदल यांचा परामर्श घेऊन स्थानिक अभ्यासाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व स्पष्ट केले आहे.

परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. मराठीत 'प्रजाती' हा शब्द काही ग्रंथांत वंशासाठी, तर वृत्तपत्रीय लेखनात जातीसाठी वापरला जातो. गोंधळ टाळण्यासाठी येथे संघ, वर्ग, गण, कुल, उपकुल, वंश आणि जाती असा उतरता क्रम योजला आहे.

शिंपल्याची रचना आणि ओळखीची लक्षणे

मृदुकाय संघातील द्विपुट वर्गाच्या प्राण्यांचे शरीर दोन शिंपांच्या आत असते. या शिंपा पाठीच्या बाजूस लवचिक बंधाने जोडलेल्या असतात. तेथेच बिजागरी असते आणि तिच्यावरील उंचवट्यांना 'दात' म्हणतात. या दातांचा अन्न चावण्याशी काहीही संबंध नाही. दोन्ही शिंपा एकमेकींवर घट्ट बसाव्यात आणि सरकू नयेत, हे त्यांचे कार्य. शिंपेचा सर्वांत जुना, फुगीर भाग म्हणजे ककुद. ककुदाभोवती एकाबाहेर एक अशा वाढीच्या रेषा पसरलेल्या असतात. शिंपेची आतील बाजू मोत्यासारख्या चकाकणाऱ्या थराने मढवलेली असते.

भीमा-कृष्णा खोऱ्यात गोड्या पाण्याच्या मोठ्या शिंपल्यांचे तीन वंश प्रामुख्याने विचारात घ्यावे लागतात. 'लॅमेलिडेन्स'चे कवच लांबट, पृष्ठभाग बहुधा गुळगुळीत आणि बिजागरीवरील दात पातळ पापुद्र्यांसारखे असतात. वंशाचे नावच या लक्षणावरून आले आहे. लॅटिनमध्ये 'लॅमेला' म्हणजे पापुद्रा आणि 'डेन्स' म्हणजे दात. 'पॅरेसिया'चे कवच तुलनेने आखूड, अंडाकृती व भक्कम असते. ककुदाजवळ नागमोडी सुरकुत्यांची नक्षी असते आणि बिजागरीच्या पुढील भागातील दात जाड व खडबडीत असतात. तिसरा वंश 'इंडोनाया'. त्यातील 'इंडोनाया सेरुलिया' या जातीच्या नावाचा अर्थ 'निळसर' असा आहे.

या तिन्ही वंशांचे प्राणी 'युनिओनिडा' या गणातील 'युनिओनिडी' कुलात मोडतात. या गणाच्या जगभरात सुमारे ९५० जाती मानल्या जातात आणि त्या सर्व गोड्या पाण्यात राहतात. त्याच पाण्यात आढळणारा लहान, त्रिकोणी, ठळक कंगोऱ्यांचा 'कॉर्बिक्युला' मात्र वेगळ्याच गणातील असून समुद्री तिसऱ्यांना अधिक जवळचा आहे. एकाच मूठभर वाळूत सापडलेले दोन शिंपले नात्याने अतिशय दूरचे असू शकतात, ही बाब विद्यार्थ्यांच्या प्रारंभीच लक्षात आणून देणे उपयुक्त ठरते.

नावांचा इतिहास

द्विपुट प्राण्यांचे आरंभीचे वर्गीकरण केवळ कवचाच्या बाह्य रूपावर आधारलेले होते. लिनीयसने १७५८ मध्ये पंख्याच्या आकाराच्या समुद्री शिंपल्यांनाही कालवांच्या 'ऑस्ट्रिया' या वंशात टाकले होते. ओ. एफ. म्यूलर या डॅनिश शास्त्रज्ञाने १७७६ मध्ये त्यांच्यासाठी 'पेक्टेन' म्हणजे 'फणी' हा स्वतंत्र वंश निर्माण केला. त्यानंतरच्या काळात या पंखाकृती शिंपल्यांचे अनेक लहान-मोठे वंश वेगळे करण्यात आले. याच म्यूलरने १७७४ मध्ये आज 'पॅरेसिया कोरुगाटा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातीचे वर्णन केले होते. पण तिला त्याने 'माया' या वंशाचे नाव दिले, जो आज समुद्री शिंपल्यांपुरता मर्यादित आहे. आकारसाम्य म्हणजे नातेसंबंध, ही त्या काळची धारणा या उदाहरणांतून स्पष्ट होते.

पुढे लामार्कने १८१९ मध्ये 'युनिओ मार्जिनॅलिस' ही जाती वर्णिली. 'मार्जिनॅलिस' म्हणजे कडेचा. कवचाच्या गडद रंगाला असलेल्या फिकट किनारीचा हा निर्देश आहे. फिलाडेल्फियाच्या आयझॅक ली याने १८३१ मध्ये 'युनिओ सेरुलियस' आणि १८३४ मध्ये 'युनिओ कोरिअ‍ॅनस' या जातींची वर्णने प्रसिद्ध केली. म्हणजेच एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या कालखंडात भारतातील हे शिंपले 'युनिओ' या युरोपीय वंशात समाविष्ट होते.

१९०० मध्ये अमेरिकेतील सी. टी. सिम्पसन याने गोड्या पाण्यातील मोत्यांच्या शिंपल्यांचा जागतिक आढावा प्रसिद्ध केला आणि त्यात 'लॅमेलिडेन्स' हा वंश प्रस्थापित केला. लामार्कची 'मार्जिनॅलिस' ही या वंशाची प्ररूप जाती होय. एच. बी. प्रेस्टन याने १९१५ मध्ये ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत गोड्या पाण्याच्या मृदुकाय प्राण्यांचा खंड लिहिला. स्वातंत्र्योत्तर काळात एन. व्ही. सुब्बा राव यांचा १९८९ चा हस्तग्रंथ भारतीय अभ्यासकांचा प्रमुख आधार ठरला.

या इतिहासाची खूण नावाच्या लेखनपद्धतीतही उमटलेली आहे. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार जातीचा मूळ वंश पुढे बदलला असेल, तर मूळ लेखकाचे नाव व वर्ष कंसात लिहितात. म्हणून 'लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस (लामार्क, १८१९)' असे लिहिणे योग्य. कंस गाळल्यास लामार्कनेच 'लॅमेलिडेन्स' हे नाव वापरले होते, असा चुकीचा अर्थ निघतो. वस्तुतः हा वंश त्यानंतर ८१ वर्षांनी निर्माण झाला. प्रबंधांत आणि शोधनिबंधांत हा साधा कंस पुष्कळदा गळालेला दिसतो.

कवचापासून क्लोमापर्यंत

कवचाच्या आकारावर विसंबण्यातील धोका सर्वप्रथम शरीररचनेच्या अभ्यासातून पुढे आला. या शिंपल्यांमध्ये मादी आपली अंडी क्लोमांत म्हणजे कल्ल्यांत वाढवते. तेथे तयार होणाऱ्या सूक्ष्म डिंभाला 'ग्लोकिडियम' म्हणतात. पाण्यात सोडला गेल्यावर तो माशाच्या कल्ल्यांना अथवा परांना चिकटतो, काही काळ परजीवी म्हणून जगतो आणि रूपांतर पूर्ण झाल्यावर तळाशी पडून स्वतंत्र जीवन सुरू करतो. प्राण्याच्या चार क्लोमपत्रांपैकी चारही अंडी वाढवण्यास वापरली जातात की फक्त बाहेरची दोन, हे लक्षण वर्गीकरणात महत्त्वाचे मानले गेले.

या संदर्भात बैनी प्रशाद यांचे कार्य उल्लेखनीय आहे. पुढे भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक झालेल्या या संशोधकाने १९१८ मध्ये भारतीय शिंपल्यांची अंडी वाढवणारी क्लोमपत्रे आणि ग्लोकिडियम यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या वेळेपर्यंत काही भारतीय जाती कवचाच्या साम्यामुळे पूर्व आशियातील 'नोड्युलारिया' या वंशात गणल्या जात होत्या. अंतर्गत रचनेचा पुरावा या मताच्या विरुद्ध जातो, हे प्रशाद यांनी दाखवून दिले आणि त्या जातींसाठी 'इंडोनाया' हा नवा वंश निर्माण केला. केवळ रिकाम्या शिंपांवरून हा निर्णय होणे शक्य नव्हते; त्यासाठी जिवंत प्राणी उघडून पाहणे आवश्यक होते.

तथापि अंतर्गत लक्षणेही निरपवाद नाहीत. 'पॅरेसिया'मध्ये चारही क्लोमपत्रे अंडी वाढवतात, तर 'लॅमेलिडेन्स'मध्ये फक्त बाहेरची दोन. या एकाच लक्षणास निर्णायक मानल्यास हे दोन वंश एकमेकांपासून दूर जातात. ते खरोखर किती दूर आहेत, याचे उत्तर मिळण्यास रेणवीय पद्धतींची वाट पाहावी लागली.

रेणवीय पुरावा आणि बदललेले नातेसंबंध

डीएनएच्या क्रमाची तुलना करणे शक्य झाल्यावर या कुलाच्या वर्गीकरणात मूलगामी फेरबदल झाले. व्हीलन, जिनीव्हा आणि ग्राफ यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणातून आणि त्यानंतर आग्नेय आशियातील शिंपल्यांवर बोलोटोव्ह व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांतून 'पॅरेसिइनी' हे उपकुल ठळकपणे पुढे आले. भारतातील 'लॅमेलिडेन्स' व 'पॅरेसिया' आणि आफ्रिकेतील 'कोएलाटुरा' यांचा समावेश या एकाच उपकुलात होतो. 'लॅमेलिडेन्स' त्यात 'लॅमेलिडेन्टिनी' या वेगळ्या उपगटात येतो. म्हणजे अंडी वाढवण्याच्या पद्धतीत भेद असूनही 'लॅमेलिडेन्स' आणि 'पॅरेसिया' हे जवळचे आप्त आहेत. 'लॅमेलिडेन्स'चे लक्षण हा त्याच्या वंशरेषेत घडलेला बदल मानावा लागतो. युरोपातील 'युनिओ'शी, ज्याच्या नावाखाली हे सर्व प्राणी शतकभर वावरले, त्यांचे नाते तुलनेने दूरचे आहे.

भारत आणि आफ्रिका यांच्यातील या नात्याचे स्पष्टीकरण अभ्यासकांच्या चर्चेचा विषय आहे. पूर्वी एकत्र असलेल्या गोंडवन भूखंडाच्या विभाजनाशी त्याचा संबंध जोडणारे एक मत आहे, तर नंतरच्या काळात नद्यांच्या जोडणीतून प्रसार झाला असे मानणारे दुसरे. शिंपल्यांचा डिंभ माशाला चिकटून प्रवास करतो. परंतु गोड्या पाण्यातला मासा समुद्र ओलांडू शकत नाही. त्यामुळे या प्राण्यांचे भौगोलिक वितरण नद्यांचा आणि भूखंडांचा इतिहास सांगते. दख्खनच्या लाव्हाथरांमध्ये सापडणाऱ्या गोड्या पाण्याच्या जीवाश्म शिंपल्यांचे वर्णन नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांनी १८६० मध्ये केले होते. बेसाल्टच्या या भूमीवर द्विपुट प्राण्यांचा वास किती प्राचीन आहे, याचा तो पुरावा होय.

कवचाचा आकार किती फसवा असू शकतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण कृष्णा खोऱ्यातच आहे. कर्नाटकात तुंगा-भद्रा परिसरात आढळणारा 'स्यूडोमुलेरिया डालाय' हा शिंपला कालवासारखा खडकाला कायमचा चिकटून राहतो. १८९८ मध्ये वर्णन झाल्यापासून त्याची गणना चिकटून राहणाऱ्या शिंपल्यांच्या 'इथेरिडी' या वेगळ्या कुलाबरोबर केली जात असे. बोगन आणि होए यांनी २००० मध्ये डीएनएच्या आधारे तो 'युनिओनिडी' कुलातीलच असल्याचे दाखवले. समान जीवनपद्धतीमुळे समान रूप आले होते, समान वंशामुळे नव्हे.

जातींच्या ओळखीचा प्रश्न

वंशाचे स्थान बऱ्याच अंशी निश्चित झाले असले, तरी वंशांतर्गत जाती ओळखणे कठीण आहे. 'मार्जिनॅलिस' आणि 'कोरिअ‍ॅनस' यांतील भेद मुख्यतः कवचाच्या बाह्यरेषेत आणि लांबी-उंचीच्या प्रमाणात सांगितला जातो. नेमकी हीच लक्षणे परिस्थितीनुसार बदलतात. ए. ई. ऑर्टमन याने १९२० मध्ये अमेरिकेतील नद्यांचा अभ्यास करून असे दाखवले होते की, एकाच जातीचे शिंपले उगमाकडील भागात चपटे आणि नदीच्या खालच्या, मोठ्या प्रवाहात अधिक फुगीर असतात. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात बूर्गिन्या व त्याच्या अनुयायांनी अशा लहानसहान फरकांवरून शेकडो 'जाती' नोंदवल्या. त्यांपैकी बहुसंख्य नावे पुढे मोजक्या जातींची समानार्थी नावे ठरली.

हा धडा भीमा खोऱ्याला विशेष लागू पडतो. उजनीच्या वर वाहती नदी, मध्ये जलाशयाचे स्थिर पाणी व गाळ आणि खाली आवर्तनांवर अवलंबून असलेले पात्र, असे तीन भिन्न अधिवास एकाच नदीवर निर्माण झाले आहेत. या तिन्ही ठिकाणचे शिंपले रूपाने भिन्न दिसल्यास त्यांना तीन जाती मानणे जसे चुकीचे ठरेल, तसेच डोळे झाकून सर्वांना 'मार्जिनॅलिस' म्हणणेही चुकीचे ठरेल.

स्थानिक महत्त्व

शिंपला पाणी क्लोमांतून गाळून त्यातील सूक्ष्म कण अन्न म्हणून घेतो. या प्रक्रियेत पाण्यातील धातू व रसायने त्याच्या ऊतींत साठत जातात. तो फारसा हालचाल करीत नाही, म्हणून त्याच्या शरीरातील प्रदूषके त्या विशिष्ट जागेची साक्ष देतात. एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये समुद्री शिंपल्यांच्या आधारे किनाऱ्यांवरील प्रदूषणावर लक्ष ठेवण्याची कल्पना मांडली, ती याच तत्त्वावर.

मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांच्या मार्गाने पुणे परिसरातील सांडपाणी भीमेत आणि तेथून उजनी जलाशयात येते. सोलापूर शहरासह जिल्ह्याच्या मोठ्या भागाची तहान व शेती या जलाशयावर अवलंबून आहे. येथील शिंपल्यांच्या ऊतींतील धातूंचे प्रमाण वर्षानुवर्षे मोजले गेले, तर पाण्याच्या गुणवत्तेचा सलग आलेख मिळू शकतो. मात्र प्रदूषके साठवण्याचे प्रमाण जातीनुसार, वयानुसार आणि आकारानुसार भिन्न असते. एका वर्षी 'लॅमेलिडेन्स' आणि दुसऱ्या वर्षी 'पॅरेसिया' तपासून दोन्ही आकडे एका नावाखाली मांडले, तर दिसणारी वाढ अथवा घट पाण्यातील नसून प्राण्यातील असेल. अशा आकड्यांवरून पाणी सुधारले असे म्हणणे सामान्य नागरिकाच्या आरोग्याशी खेळ ठरेल.

आर्थिक बाजूही दुर्लक्षणीय नाही. भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने विकसित केलेल्या मोती संवर्धनाच्या तंत्रात 'लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस', 'लॅमेलिडेन्स कोरिअ‍ॅनस' आणि 'पॅरेसिया कोरुगाटा' या जाती वापरल्या जातात. महाराष्ट्रातील काही शेतकरीही शेततळ्यात हा प्रयोग करू लागले आहेत. त्यासाठी नैसर्गिक पाणवठ्यांतून शिंपले गोळा करताना कोणती जाती किती प्रमाणात काढली जात आहे, याची नोंद ओळखीवाचून अशक्य आहे. शिवाय डिंभाला यजमान मासा लागत असल्याने शिंपल्यांचे भवितव्य नदीतील मत्स्यसंपदेशी बांधलेले आहे. माशांविना प्रौढ शिंपले काही वर्षे टिकतील. नवी पिढी निर्माण होणार नाही.

अभ्यासकांसाठी काही सूचना

महाविद्यालयीन स्तरावर फारसा खर्च न करता पुढील गोष्टी साध्य करता येतील.

१) प्रत्येक प्रकल्पातील निदान काही प्रातिनिधिक नमुने, कवच व मऊ शरीरासह, ठिकाण, दिनांक आणि अधिवास यांच्या नोंदीसह विभागाच्या संग्रहालयात कायमस्वरूपी जतन करावेत. नाव पुढे बदलले, तरी नमुना उपलब्ध असल्यास जुने संशोधन वाया जात नाही.

२) कवचाची लांबी, उंची व जाडी यांची मोजमापे आणि बिजागरीच्या दोन्ही शिंपांची छायाचित्रे शोधनिबंधासोबत द्यावीत. केवळ बाहेरून काढलेले छायाचित्र ओळखीसाठी अपुरे असते.

३) मादीच्या कोणत्या क्लोमपत्रांत अंडी अथवा डिंभ आहेत, याची नोंद करावी. साध्या विच्छेदनातून मिळणारी ही माहिती 'लॅमेलिडेन्स' व 'पॅरेसिया' यांतील भेद पक्का करते.

४) डीएनए तपासणीसाठी पादाचा अथवा प्रावाराचा तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवावा, जननग्रंथीचा तुकडा टाळावा. या कुलातील अनेक जातींत नराकडून येणारा तंतुकणिकांचा डीएनए स्वतंत्र असतो आणि तो प्रामुख्याने नराच्या जननग्रंथीत आढळतो. तो नकळत वापरला गेल्यास एकाच जातीचे नर व मादी दोन भिन्न जाती असल्याचा आभास होतो.

५) शंकास्थळी जातीचे नाव न लिहिता केवळ वंशापर्यंतच ओळख नोंदवावी. शंकेसह लिहिलेले 'लॅमेलिडेन्स' हे नाव खात्रीशीर भासणाऱ्या चुकीच्या जातिनामापेक्षा अधिक शास्त्रीय आहे. ओळखीच्या पडताळणीसाठी भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या पुणे येथील केंद्राचे साहाय्य घेता येईल.

समारोप

'माया', 'युनिओ', 'नोड्युलारिया', 'पॅरेसिया', 'इंडोनाया', 'लॅमेलिडेन्स' ही नावांची मालिका शास्त्रज्ञांच्या लहरीतून निर्माण झालेली नाही. बाह्य आकार, बिजागरीचे दात, क्लोमांची रचना आणि अखेरीस डीएनए असा पुराव्याचा क्रम जसजसा खोल गेला, तसतसे वर्गीकरण बदलत गेले. प्रत्येक टप्प्यावर आधीचे मत खोडले जाण्याचे कारण एकच होते : कोणीतरी नमुने जपून ठेवले होते आणि कोणीतरी ते पुन्हा उघडून पाहिले.

भीमेच्या काठावरील महाविद्यालयांना हे कार्य करण्यासाठी दूर जावे लागत नाही. नदी जवळ आहे, शिंपले उपलब्ध आहेत आणि विद्यार्थीही आहेत. उजनीच्या पाण्याविषयी उद्या जे निष्कर्ष काढले जातील, त्यांची विश्वासार्हता आज बरणीवर लावलेल्या चिठ्ठीवरील नाव किती काळजीपूर्वक लिहिले आहे, यावर अवलंबून राहील.